स्लो कुकर: जुना बरा की नवा? आणि आपल्या गावच्या लाईटवर कुठला चालेल?

मागच्या दिवाळीत आमचा धाकटा चुलतभाऊ अमेरिकेतनं गावी आला. येताना बॅगेतनं एक जड खोकं घेऊन आला. आत जाड मातीचं, चकचकीत लेप दिलेलं भांडं, त्याला बाहेरनं पत्र्याचं कवच आणि वर काचेचं झाकण. म्हणाला, "काकी, यात सकाळी मटण टाकायचं, झाकण लावायचं आणि शेतात निघून जायचं. संध्याकाळी आलात की कालवण तयार. जाळ बघायला नको, ढवळायला नको." आईनं भांडं उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे ही लाईटवरची वायलच की."

आईचं बरोबर होतं, त्यावर पुढं येतोच. पण त्या दिवशी आम्ही पिना जुळवायचा साधा अडॅप्टर लावून भांडं बोर्डात खोचलं. वीस-पंचवीस मिनिटांत जळका वास सुटला, तासाभरात आतनं 'टक' असा आवाज आला. बघतो तर भांड्याला वरपासून खालपर्यंत तडा. मटण पातेल्यात काढून गॅसवर शिजवलं.

नंतर खालचं लेबल वाचलं. १२० व्होल्ट, २४० वॅट. अमेरिकेत घरातली लाईट १२० व्होल्टची, आपल्याकडं २३० ची. तापणारी तार आहे तीच ठेवून व्होल्टेज दुप्पट केलं तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. आपल्या हिशेबात साडेतीन पटीहून जास्त. म्हणजे २४० वॅटचं ते भांडं आमच्या स्वयंपाकघरात जवळपास ८८० वॅटनं तापत होतं. पिना बदलणारा अडॅप्टर व्होल्टेज कमी करत नाही, तो फक्त प्लगचा आकार जुळवतो. ही गोष्ट माहीत असती तर भांडं वाचलं असतं. आपल्या तालुक्यातल्या कितीतरी घरांतली पोरं आज परदेशात आहेत, तिकडनं वस्तू येत राहतात. म्हणून हे आधीच सांगितलं. लेबलवर '२२०-२४० व्होल्ट' लिहिलेलं असेल तरच बोर्डात लावा. १२० चं असेल तर व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो. तो भांड्याच्या वॅटपेक्षा चांगला मोठा घ्यावा लागतो आणि त्या भानगडीत भांड्याची किंमत वसूल होत नाही.

भांडं गेलं, पण विषय डोक्यात राहिला. हल्ली आपल्या २३० व्होल्टवर चालणारे स्लो कुकर ऑनलाइन मिळतात. मोबाईलवर व्हिडिओ दिसतात. घ्यावा का, कसला घ्यावा, आणि कुणी जुना देत असेल तर तो चालेल का, याची माहिती जमवत गेलो. ती इथं देतोय.

वायलीचंच तत्त्व

चुलीवर मुख्य जाळावर भाकरी होते आणि शेजारच्या वायलीवर दूध नाहीतर कडधान्याचं गाडगं तासन् तास बसतं. वायलीला स्वतंत्र जाळ नसतो, चुलीतली उरलेली धग तिला मिळते. दूध उतू जात नाही, तळाला लागत नाही, हळूहळू लालसर होतं. स्लो कुकर हेच करतो, फक्त विजेवर. मातीच्या भांड्याभोवती कवचात तापणारी तार गुंडाळलेली असते. बल्बाएवढ्या-दोन बल्बांएवढ्या विजेत ती दिवसभर भांडं गरम ठेवते.

साध्या स्लो कुकरमध्ये तापमान मोजून बंद-चालू करणारं काही नसतं. जितकी उष्णता तार देते आणि जितकी भांड्याच्या अंगातनं हवेत जाते, त्या दोन्हींचा जिथं मेळ बसतो तिथं तापमान थांबतं. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोळ आणि सगळं उत्तर त्यातच आहे.

प्रेशर कुकरशी याची गल्लत करू नका. शिट्टीच्या कुकरमध्ये वाफ कोंडल्यामुळं पाणी साधारण १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापतं, म्हणून तूरडाळ पंधरा-वीस मिनिटांत गळते. स्लो कुकर शंभराच्या आतच राहतो.

सुरुवात घेवड्यापासनं

हे भांडं ज्यानं केलं त्याचं नाव आयर्विंग नॅक्सन. अमेरिकेतला ज्यू इंजिनिअर. त्याची आई मूळची लिथुआनियाची. ज्यू लोकांत शनिवार हा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी विस्तव पेटवायचा नाही. म्हणून शुक्रवारी दिवस मावळायच्या आत मटण, घेवड्याच्या बिया, बटाटा असं एका भांड्यात घालून गावातल्या बेकरीच्या निवत्या भट्टीत ठेवायचे आणि शनिवारी दुपारी गरमगरम काढून खायचे. त्या पदार्थाला ते चोलंट म्हणतात. ही गोष्ट आईकडनं ऐकलेली, तीवरनं नॅक्सनला विजेच्या भांड्याची कल्पना सुचली. १९३६ साली त्यानं पेटंटचा अर्ज केला, १९४० मध्ये ते मिळालं. भांड्याचं नाव ठेवलं 'नॅक्सन बीनरी'. बीन म्हणजे घेवडा-राजमा. म्हणजे हे मुळात घेवडा शिजवायचं यंत्र. हेही लक्षात ठेवा, कारण याच घेवड्यावरनं पुढं एक गंभीर इशारा द्यायचाय.

बरीच वर्षं त्याला कुणी फारसं विचारलं नाही. १९७० मध्ये नॅक्सननं धंदा रायव्हल नावाच्या कंपनीला विकला. तिनं पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, तेच भांडं थोडं सुधारून 'क्रॉक-पॉट' नावानं बाजारात आणलं. तो काळ अमेरिकेत बायका मोठ्या संख्येनं नोकरीला बाहेर पडण्याचा होता. सकाळी भांडं लावून जायचं आणि संध्याकाळी जेवण तयार, ही गोष्ट घराघरांत पटली. सुरुवातीला मातीचं भांडं कवचातनं निघत नसे, त्यामुळं धुताना वायरीसकट सांभाळावं लागे. १९७४ पासनं आतलं भांडं बाहेर काढता येऊ लागलं. कुणी तुम्हाला भांडं न निघणारा जुनापुराणा कुकर कौतुकानं दिला तर नमस्कार करून फळीवर शोभेला ठेवा.

आपल्या देशातही असा प्रयत्न याच्या आधी झाला होता बरं का. बंगालमधल्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० साली 'इकमिक कुकर' केला. उंच डब्यात एकावर एक भांडी, खाली थोडे निखारे, आणि तासांनी डाळ-भात-कालवण एकदम तयार. त्याला लाईट लागत नव्हती, हे आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं.

जुना हळू, नवा तापट

आता मूळ मुद्दा. अमेरिकेत ज्यांच्या घरात १९७० च्या दशकातले कुकर अजून चालू आहेत त्यांची एक ठरलेली तक्रार असते. "आईच्या कुकरमध्ये मटण आठ तासांत मऊसूत व्हायचं, माझ्या नव्यात सहा तासांत चोथा होतो. 'लो'वर ठेवलं तरी उकळ्या फुटतात."

तक्रारीत तथ्य आहे. जुना साडेतीन लिटरच्या आतबाहेरचा कुकर 'लो'वर साधारण ७० ते ७५ वॅट आणि 'हाय'वर १४० ते १५० वॅट घ्यायचा. आजचे कुकर मोठे, लांबट आकाराचे, पाच-सहा लिटरचे, आणि त्यांचा आकडा २०० ते २५० वॅटच्या घरात असतो. मोठ्या भांड्याला जास्त वीज लागणार हे खरं. पण नव्या लांबट भांड्यात चार माणसांचं कालवण टाकलं की ते तळाला पसरतं, भांडं अर्धंही भरत नाही आणि कडेची तार रिकाम्या भिंती तापवत बसते. मग कालवण लागतं. भांडं निम्म्यापासून पाऊण भागापर्यंत भरलेलं हवं, असं जे पुस्तकात लिहिलेलं असतं ते याचसाठी.

दुसरं, 'लो' म्हणजे कमी तापमान हा समज. क्रॉक-पॉट कंपनीच सांगते की 'लो' आणि 'हाय' दोन्हींत शेवटचं तापमान एकच, २०९ फॅरनहाइट, म्हणजे आपल्या हिशेबानं ९८ अंश सेल्सिअस. फरक एवढाच की 'हाय'वर ते लवकर गाठलं जातं. म्हणजे 'लो'वर ठेवून दिवसभर विसरलात तरी भांडं शेवटी उकळीच्या जवळ जाणारच.

नव्या कुकरला तिसरं बटण असतं, 'वॉर्म'. ते झालेलं अन्न गरम ठेवायला आहे, शिजवायला नाही. फ्रीजमधलं गार कालवण 'वॉर्म'वर ठेवून गरम करायचं नाही. कालचं कालवण आधी गॅसवर उकळा, मग हवं तर 'वॉर्म'वर ठेवा.

नवे कुकर जास्त का तापतात? सर्रास सांगितलं जाणारं कारण म्हणजे अन्नाची सुरक्षितता. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या टापूत जंतू भराभर वाढतात. गार मटण या टापूतनं जितक्या लवकर बाहेर पडेल तितकं बरं. कमी वॅटचा जुना कुकर तिथं रेंगाळतो.

अमेरिकेतल्या लोकांना जुन्याची ओढ आहे आणि त्यांच्या जागी ते बरोबरही असतील. त्यांच्याकडं व्होल्टेज सहसा फारसं हलत नाही. माझं मत मात्र उलटं आहे, आणि ते आपल्या डीपीकडं बघून बनलंय.

आपली लाईट आणि स्लो कुकर

संध्याकाळी किंवा शेतीपंपांची पाळी चालू झाली की वाडी-वस्तीवर काय होतं हे सांगायला नको. पंखा रेंगाळतो, मिक्सर घुरघुरतो, फ्रीजचा स्टॅबिलायझर १८० दाखवतो. आता वर सांगितलेला चौपटीचा नियम उलटा लावा. २३० च्या जागी १८० व्होल्ट आले तर उष्णता थोडी कमी होत नाही, ती जवळजवळ ६१ टक्क्यांवर येते. २०० वॅटचा कुकर मग १२२ वॅटचा उरतो. आणि ७५ वॅटचा 'लो' उरतो ४६ वॅटचा. दोन किलो गार मटण आणि पाणी तापवायला हे फार थोडं आहे. उष्णता आत येते त्यापेक्षा हवेत जाते जास्त, आणि मेळ ७०-८० च्या जागी कुठंतरी कोमटात बसतो. वरनं दिसताना वाफ दिसते, वास येतो, पण आत जंतूंची चंगळ.

म्हणून आपल्याकडं व्होल्टेज पडतं अशा ठिकाणी नवा, जास्त वॅटचा कुकरच घ्यावा. त्यातही पहिला दीड-दोन तास 'हाय'वर चालवून मग 'लो'वर आणावा. अमेरिकेतल्या माणसाला जो नव्याचा दोष वाटतो तो आपल्या वस्तीवर उपयोगाला येतो.

पण 'नवा' म्हणताना एक अट आहे. नव्यात दोन जाती आहेत. एकाला साधी फिरवायची कळ असते: बंद, लो, हाय, वॉर्म. दुसऱ्याला काचेखाली आकडे, बटणं, टायमर. दिसायला दुसरा देखणा आणि महाग. आपल्यासाठी पहिला.

कारण लोडशेडिंग. कळीचा कुकर लाईट गेली की बंद पडतो आणि आली की आपोआप चालू होतो, कळ आहे तिथंच असते. आकड्यांचे बरेचसे कुकर लाईट गेली की सगळं विसरतात. लाईट परत आली तरी ते कुणीतरी बटण दाबेपर्यंत गप्प बसतात. काही मॉडेलमध्ये थोडा वेळ आठवण राहते, पण आपल्याकडं लाईट पाच मिनिटंच जाईल असं कोण सांगणार? सकाळी आठला लावून शेतात गेलात, साडेनऊला लाईट गेली, दहाला आली, आणि संध्याकाळी सहाला घरी आलात तर आठ तास कोमट राहिलेलं मटण तुमची वाट बघत असणार.

कळीच्या कुकरचीही एक लबाडी आहे. दुपारी तीन तास लाईट नव्हती आणि मग आली, तर संध्याकाळी कालवण उकळत असलेलं दिसेल. तुम्हाला कळणारही नाही की मधे ते गार झालं होतं. अमेरिकेच्या कृषी खात्याचा याबाबतचा सल्ला कडक आहे. घरी कुणी नसताना शिजता शिजता लाईट गेली असेल तर अन्न शिजलेलं दिसलं तरी फेकून द्या. घरी कोणी असेल तर लगेच गॅसवर नाहीतर चुलीवर शिजवून पुरं करा. अन्न पूर्ण शिजल्यावर लाईट गेली असेल तर दोन तासांपर्यंत खायला हरकत नाही.

"परत खळखळून उकळलं की झालं," असं आपल्या घरात कोणीतरी म्हणणारच. उकळल्यानं जंतू मरतात हे खरं, पण काही जंतूंनी तोवर सोडलेलं विष उकळूनही जात नाही. दोन किलो मटण फेकायला जिवावर येतं हे मलाही कळतं. म्हणूनच सांगतो, घरात दिवसभर म्हातारं माणूस का होईना कोणी असेल, लाईट गेली-आली हे त्याच्या ध्यानात राहत असेल, तरच मटण-चिकन लावून बाहेर पडा.

सोपी युक्ती: कुकरच्या शेजारच्या बोर्डाला एखादं जुनं, सेल नसलेलं, लाईट गेली की शून्यावर येऊन लुकलुकणारं घड्याळ असेल तर लावून ठेवा. घरी आल्यावर ते लुकलुकत असेल तर समजायचं, मधे लाईट गेली होती.

इन्व्हर्टरवर चालतो का, असंही विचारतात. चालतो. पण २०० वॅट तासन् तास ओढल्यावर रात्री पंख्याला बॅटरी उरणार नाही, हा हिशेब करा.

घेवडा, राजमा: हे नीट वाचा

आपला सातारा जिल्हा घेवड्याचा. कोरेगाव भागातल्या वाघ्या घेवड्याला तर भौगोलिक मानांकन आहे. अंगावर वाघासारखे पट्टे म्हणून वाघ्या. स्लो कुकर घरात आला की पहिल्यांदा घेवडाच टाकून बघावासा वाटणार, आणि नेमका तिथंच धोका आहे.

राजमा-घेवड्याच्या कुळातल्या कच्च्या बियांत एक नैसर्गिक विषारी द्रव्य असतं. लाल राजम्यात ते सगळ्यात जास्त. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी त्रास होऊ शकतो. एक ते तीन तासांत मळमळ, जोरात उलट्या, मग जुलाब आणि पोटात कळा. माणूस बहुतेक वेळा काही तासांत सावरतो, पण लहान मूल नाहीतर म्हातारं माणूस असेल तर अंगातलं पाणी जाऊन दवाखाना गाठायची वेळ येते.

आपल्याला हे ऐकून माहीत नसतं, कारण आपण घेवडा नेहमी शिट्टीच्या कुकरला लावतो नाहीतर चुलीवर रटारटा शिजवतो. खळखळत्या उकळीत ते द्रव्य नष्ट होतं. पण ८० अंशांच्या आत अर्धवट तापवलं तर ते कमी होण्याऐवजी कच्च्या दाण्यापेक्षा पाचपटीपर्यंत वाढू शकतं, असं अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन सांगतं. जुना कमी वॅटचा कुकर, पडलेलं व्होल्टेज आणि भिजवलेला घेवडा हे तिन्ही एकत्र आले की नेमकं हेच घडतं. दाणा बोटानं दाबला तर मऊ लागतो, म्हणून शिजला असं वाटतं. मऊ झाला म्हणजे विष गेलं असं नाही.

करायचं एवढंच. घेवडा किमान पाच तास, खरं तर रात्रभर, भरपूर पाण्यात भिजवा. ते पाणी ओतून टाका. नव्या पाण्यात गॅसवर किंवा चुलीवर खळखळून उकळा. किमान १० मिनिटं असं सगळीकडं सांगतात, अमेरिकेचं तेच प्रशासन ३० मिनिटं सुचवतं. मी ३० धरतो, गॅस थोडा जास्त जळेल पण चुकायला जागा नको. मग ते पाणीही टाका आणि दाणे स्लो कुकरमध्ये घाला. किंवा सरळ शिट्टीच्या कुकरला शिजवून घ्या आणि मसाल्यात मुरायला स्लो कुकरमध्ये ठेवा. चिंच, आमसूल, टोमॅटो शेवटी घाला. आंबट आधी पडलं की दाणा टणक राहतो.

नवा तापट कुकर घेतला म्हणून उकळायचं टाळू नका. तो ९८ अंशांपर्यंत पोचतो हे कंपनीचं म्हणणं, पुऱ्या व्होल्टेजवरचं.

घरच्या घरी तपासणी

जुना असो की नवा, पहिल्यांदा वापरायच्या आधी ही तपासणी करा. भांडं अर्ध्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत साध्या गार पाण्यानं भरा, झाकण लावा, 'लो'वर आठ तास ठेवा. मग झाकण काढून लगेच थर्मामीटर बुडवा. झाकण काढून गप्पा मारत बसलात तर तापमान झर्रकन उतरतं. पाणी ८५ ते ९३ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असेल तर उत्तम. ८५ च्या खाली असेल तर तो कुकर अन्नासाठी वापरू नका. ९३ च्या वर असेल तर चालतो, पण पुस्तकातले आठ तास कापून सहा-साडेसहावर आणा.

ताप बघायचा थर्मामीटर यात घालू नका, तो ४२ अंशांपुढं जात नाही, फुटेल. दुधाच्या डेअरीवर शंभरापर्यंत मोजणारा काचेचा थर्मामीटर असतो, ओळखीनं तासाभरासाठी मागून आणा. आणि माझा एक सल्ला: ही तपासणी दुपारी व्होल्टेज चांगलं असताना करून खूश होऊ नका. तुमच्या वस्तीवर ज्या वेळी लाईट मंद असते त्या वेळी करा.

जुना असेल तर आणखी तीन गोष्टी बघा. वायर कडक होऊन तडकली आहे का. भांड्याच्या आतल्या लेपाला चिरा किंवा पोपडे आहेत का, असतील तर त्यात शिजवू नका. आणि कवचाला हात लावल्यावर मुंग्या येतात का. आल्या तर ताबडतोब बंद करून वायरमनला दाखवा. नवा घेताना तीन पिनांचा प्लगच घ्या आणि घरातलं अर्थिंग चालू आहे याची खात्री करा.

खर्च किती, करायचं काय

२०० वॅटचा कुकर आठ तास चालला तर १.६ युनिट. तुमच्या बिलावर युनिटचा जो दर पडतो त्यानं गुणा. समजा ८ रुपये पडला तर १३ रुपयांच्या आतबाहेर. वरण-भातासाठी एवढं घालवण्यात काही अर्थ नाही, शिट्टीचा कुकर ते काम कितीतरी स्वस्तात आणि झटपट करतो. घरात दोनच माणसं असतील तरीही घेऊ नये असं मला वाटतं.

खरा उपयोग पायाला, बोकडाच्या जून मटणाला, गावरान कोंबड्याला. असल्या मांसात चिवट तंतू जास्त असतात. ते ७०-८० अंशांच्या पुढं तासन् तास राहिले की विरघळतात आणि रसाला चिकटपणा येतो, वायलीवरच्या पायाला येतो तसा. कोवळं ब्रॉयलर चिकन यात टाकलं तर धागे धागे सुटतात, त्यासाठी हा कुकर नव्हे. हुलगे, हरभरा, भोगीच्या भाजीतल्या शेंगदाण्या-हरभऱ्याचं काम छान होतं. मटण बर्फ झालेलं टाकायचं नाही, पूर्ण सुटं करून मगच. कांदा-खोबऱ्याचं वाटण आधी तेलात परतूनच घाला, यात परतलं जात नाही आणि कच्चं वाटण कच्चंच लागतं.

पाणी मात्र नेहमीपेक्षा कमी. झाकण बंद असल्यामुळं वाफ उडत नाही, थेंब होऊन परत आत पडते. पहिल्यांदा करणाऱ्याचं कालवण हमखास पांचट होतं. याच कारणानं बासुंदी-खव्यासाठी झाकण तिरकं ठेवावं लागतं, आणि मग वीजही जास्त जाते. उगीच झाकण उचलून बघायची सवय सोडा. एकदा उचललं की गेलेली धग भरून यायला वीस मिनिटं-अर्धा तास जातो.

आईनं अजून नवा कुकर घेऊ दिलेला नाही. तडा गेलेल्या त्या भांड्यात तिनं कढीपत्ता लावलाय, तो चांगला फुटलाय.